बेकरीवाल्याची लेक, एन्झाइम आणि बंद झालेली फेलोशिप

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान, असा त्या नावाचा अर्थ. सरकार ज्या विषयांवर भर देणार आहे, त्यांच्या यादीत अगदी वरच जैविक रसायनं, बायोपॉलिमर आणि एन्झाइम आहेत. देशाची जैवअर्थव्यवस्था २०२४ मध्ये १६५.७ अब्ज डॉलरवर गेली, २०३० पर्यंत ती ३०० अब्जांवर न्यायची आहे, असं सरकारी आकडे सांगतात. याच्या पावणेदोन वर्षं आधी, ८ डिसेंबर २०२२ रोजी, तत्कालीन अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत सांगितलं होतं, की मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात येत आहे.

एक बातमी विज्ञान-उद्योगाच्या पानावर वाचली गेली, दुसरी अल्पसंख्याकांच्या. आम्हाला मात्र या दोन्ही बातम्या एकाच घरात भेटल्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाचं एक बेकरीवालं कुटुंब आहे. आजोबा कापूस पिंजायचे, गाद्या-रजया भरायचे. वडिलांनी बेकरी टाकली. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. पहाटे तीनला भट्टी पेटते आणि सहाच्या आत पावाच्या लाद्या सायकलीवरून गावात फिरायला लागतात. थोरली मुलगी पुण्यात पीएचडी करते. विषय आहे एका एन्झाइमची रचना. नाव छापू नका, असं तिने बजावून सांगितलंय, म्हणून इथे नाव नाही. तिच्या अब्बांची अडचण वेगळीच आहे. ते म्हणाले, “मशिदीतून बाहेर पडलं की लोक विचारतात, मुलगी काय करते? डॉक्टर होतेय म्हटलं तर पुढचा प्रश्न, दवाखाना कुठं टाकणार? आता ह्यांना काय सांगायचं?”

काय सांगायचं, ते आधी पाहू. कारण ती काय करते हे घरालाच नीट कळलेलं नसेल, तर तिला अजून दोन वर्षं का हवीत, हे समाजाला कसं कळणार?

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पिष्टाची लांब साखळी तोडून साखरेचे छोटे तुकडे करतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हटलेलं असतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक पिष्ट तोडतं, दुसरं चरबी, तिसरं दूध फाडतं. आपली ही मुलगी ज्यावर काम करते त्याचं नाव झायलनेज. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीत झायलन नावाचा पदार्थ असतो. उसाच्या चिपाडात, गव्हाच्या कोंड्यात, लाकडात, सगळीकडे. झायलनेज तो कापतं.

आणि गंमत अशी, की हे एन्झाइम तिच्या अब्बांच्या बेकरीत आधीपासून होतं. मैद्यात झायलनच्या जातीचा पदार्थ जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असतो, पण पाणी मात्र तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट धरून ठेवतो. त्याची साखळी थोडी कापली की अडकलेलं पाणी सुटतं, कणीक सैल होते, पाव चांगला फुगतो आणि मऊ राहतो. बेकरीवाले ज्याला नुसतं ‘इम्प्रूव्हर’ म्हणतात त्या पुडीत बहुतेक वेळा अमायलेज आणि झायलनेज असतं. अब्बा गेली पंधरा वर्षं चमच्याने मोजून ती पुडी मैद्यात टाकताहेत. लेकीने पुडीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी ह्याचा धंदा करतो आणि तू ह्याची शाळा!”

पुण्यातली तिची प्रयोगशाळा ज्या झायलनेजच्या मागे आहे ते पावासाठी नाही, कागदासाठी आहे. कागदाचा लगदा अल्कलीत शिजवतात, मग त्याला पांढरं करायला क्लोरीनची संयुगं वापरतात. त्याचं दूषित पाणी कुठे जातं, हे कागद कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना विचारावं. १९८६ मध्ये फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की लगद्यावर आधी झायलनेज चालवलं तर क्लोरीन कमी लागतं. अडचण अशी, की लगदा गरम असतो आणि अल्कधर्मीही, तर बरीचशी एन्झाइम कोमट आणि फार तर किंचित आंबट वातावरणात काम करणारी. म्हणून जे जिवाणू आधीच खाऱ्या-अल्कधर्मी पाण्यात जगतात त्यांच्याकडे पाहावं लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर यासाठी जगभरच्या संशोधकांना माहीत आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेला तो खड्डा, आणि त्यातल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. तिच्या प्रयोगशाळेतल्या जिवाणूंपैकी काही मूळचे लोणारच्या चिखलातले आहेत.

मग ‘रचना’ म्हणजे काय? एन्झाइम ही अमिनो आम्लांची एक लांब माळ असते, पण ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती घडी घालते. त्या घडीला आकार असतो, आणि आकारावरच काम ठरतं. ही मुलगी ज्या गटातल्या झायलनेजवर काम करते त्या गटाच्या आकाराला शास्त्रज्ञ उजव्या हाताची उपमा देतात. बोटं, तळवा, अंगठा, सगळं त्यात दिसतं. झायलनची साखळी अर्धवट मिटलेल्या मुठीतल्या फटीत सरकते आणि आत समोरासमोर असलेली दोन ग्लुटामिक आम्लं तिला कापतात. हाताची कुठली जागा बदलली तर तो उष्णतेत उलगडणार नाही, हे आकार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आकार पाहिला तर सांगता येतं, की या दोन ठिकाणी गंधकाचा एक पूल बांधा, म्हणजे घडी घट्ट बसेल. बुरशीपासून मिळणाऱ्या एका झायलनेजमध्ये असा पूल बांधून ते जास्त उष्णता सोसू शकतं, हे सिद्ध झालेलं आहे.

हा आकार सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी एन्झाइमचं जनुक ई-कोलाय जिवाणूत घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे, त्यातून हवं तेवढंच प्रथिन वेगळं करायचं. मग शेकडो वेगवेगळ्या द्रावणांत त्याचे थेंब ठेवायचे आणि खडीसाखरेसारखे स्फटिक धरतात का, याची वाट पाहायची. कधी चार दिवसांत धरतात, कधी चार महिन्यांत, कधी धरतच नाहीत. तिचे तब्बल चौदा महिने धरले नाहीत. धरले तेव्हा ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे होते. ते बारीक फासात उचलून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर, गोठवायचे आणि क्ष-किरणांच्या झोतात धरायचे. आपल्या देशात त्यासाठीचा मोठा झोत इंदूरला आहे, राजा रमण्णा केंद्राच्या इंडस-२ यंत्रावर. तिथली वेळ मागून घ्यावी लागते, रांग असते. अम्मीच्या डोक्यात मात्र इंदूर म्हणजे सराफा बाजार. “येताना शेव आण” म्हणाल्या. पोरगी तिथे रात्रभर यंत्रापाशी जागली आणि सकाळी खरंच शेव घेऊन आली. पण त्या खेपेला स्फटिकांनी दगा दिला, ठिपके धूसर आले. आता पुन्हा रांग.

इथे कुणीतरी म्हणतंच, हे सगळं आता एआय करतं की! तिच्या चुलतभावानेही तेच ऐकवलं. प्रश्न चुकीचा नाही. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना याच विषयात मिळालं. हसाबिस आणि जंपर यांच्या ‘अल्फाफोल्ड’ने अमिनो आम्लांचा क्रम पाहून आकाराचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये वीस कोटींहून जास्त प्रथिनांचे अंदाज जगाला खुले केले. तीसुद्धा ते रोज वापरते. पण संगणक शिकला कशावर? जगभरच्या पीएचडीच्या पोरांनी १९७१ पासून एका सार्वजनिक भांडारात जमा केलेल्या लाखांहून अधिक खऱ्या रचनांवर. शिवाय तो आकार सांगतो. सत्तर अंशांच्या अल्कधर्मी लगद्यात हे एन्झाइम किती तास टिकेल, एक अमिनो आम्ल बदललं तर वेग वाढेल की एन्झाइमच मरेल, ते प्रयोग करूनच कळतं. अंदाज स्वस्त झाले म्हणून ते तपासणाऱ्या हातांची गरज कमी झालेली नाही. आमच्या मते ती वाढलीय.

आणि या कामातून हाती काय लागतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. अमॉक्सिसिलिनची गोळी ज्या घरात कधी आली नाही असं घर सापडणं कठीण. ती गोळी तयार करताना आधी पेनिसिलिनचा एक तुकडा तोडावा लागतो. पूर्वी हे काम कडक रसायनं आणि कमालीची थंडी वापरून होई. आता पेनिसिलिन अॅसायलेज नावाचं एन्झाइम ते साध्या पाण्यात करतं. याच कुळातल्या एका एन्झाइमची रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठासोबत उलगडली आणि १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

आता एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. व्हॉट्सअॅपवर दर रमजानच्या आधी एक यादी फिरते : अमुक नंबर हराम, तमुक नंबर डुकराचा. पावाच्या पाकिटावर आयएनएस ११०० दिसलं की काही जण पाकीट परत ठेवतात. ११०० म्हणजे अमायलेज, आणि बेकरीसाठीचं अमायलेज बुरशी किंवा जिवाणूंपासून बनवतात. उलट चीजच्या बाबतीत विचारपूस करायला जागा आहे. चीजसाठी दूध फाडणारं कायमोसिन हे एन्झाइम पूर्वी वासराच्या पोटातूनच काढत. जनावर कसं कापलं, कुणी कापलं, हे प्रश्न तिथे येणारच. १९९० मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला परवानगी दिली आणि चित्र पालटलं. चरबी तोडणारं लायपेज काही ठिकाणी डुकराच्या स्वादुपिंडातूनही काढलं जातं, तसंच ते बुरशीपासूनही मिळतं. म्हणजे नुसता नंबर पाहून उत्तर मिळत नाही. ते एन्झाइम कुठून आलं, कशावर वाढवलं, कसं शुद्ध केलं, ते पाहावं लागतं. फतवा उलेमा देतील, पण त्यांच्यासमोर ही माहिती नीट मांडणारं कुणी हवं ना? हलाल प्रमाणपत्रांवर देशात एवढा गदारोळ झाला. त्यात आपल्या बाजूने एन्झाइम समजणारी किती माणसं बोलली?

तर मुलगी काय करते, ते हे. आता ती हे कशावर करते?

२०२२ मध्ये एमएस्सी झाली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मौलाना आझाद फेलोशिप होती. सच्चर समितीच्या अहवालानंतर, २००९ पासून सुरू झालेली. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी या सहाही समाजांच्या संशोधकांसाठी. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड झाली आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले. आठ वर्षांच्या हिशेबाने ही रक्कम देशाच्या तिजोरीला जड होती, असं कुणी म्हणणार नाही.

बंद करण्याचं कारण असं दिलं गेलं, की ही योजना इतर फेलोशिपवर चढत होती, अल्पसंख्याक विद्यार्थी त्या इतर योजनांमध्येही येतातच. यात तथ्य अजिबात नाही असं आम्ही म्हणणार नाही. जेआरएफ सर्वांना खुली आहे, ओबीसींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप मुस्लिम ओबीसींनाही खुली आहे. पण एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, हे नियमातच होतं, म्हणजे दुहेरी लाभाचा प्रश्न नव्हता. प्रश्न जागांचा होता. जेआरएफच्या कटऑफखाली थोडक्यात राहिलेल्या पोरांना या जागांचा आधार होता, तो गेला. आणि हे कधी, तर उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२०-२१ साली मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा घटून १९.२१ लाखांवर, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्क्यांवर आलेली असताना. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के आहे. पुढच्या वर्षी संख्या पुन्हा सावरली, तरी पाच टक्क्यांच्या आतच राहिली.

ज्यांची निवड आधी झाली होती त्यांची फेलोशिप मुदत संपेपर्यंत चालू ठेवू, असं सरकारने सांगितलं होतं. पण २०२५ मध्ये महिनोन्‌महिने रक्कम मिळाली नाही, अशा तक्रारी देशभरातल्या संशोधकांनी केल्या आणि वृत्तपत्रांनी छापल्या. इतिहासाचा किंवा साहित्याचा संशोधक अशा वेळी उधारीवर, शिकवण्या घेऊन कसंबसं वाचन चालू ठेवतो. त्याचे हाल कमी असतात असं नाही. पण स्फटिकाच्या कामाला खंड चालत नाही. थेंब मांडून चार महिने गावी जाता येत नाही. परत येईपर्यंत प्रथिन सडलेलं असतं आणि इंदूरची तारीख दुसऱ्याला गेलेली असते. ज्या विषयाला सरकार स्वतः भविष्य म्हणतं, त्याच विषयात पैशाचा खंड सगळ्यात जास्त बाधतो, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तिला जेआरएफ थोडक्यात हुकली. मग २०२३ मध्ये मार्गदर्शक प्राध्यापकांच्या एका प्रकल्पावर सहायक म्हणून ती लागली आणि त्यावरच पीएचडीची नोंदणी केली. महिना वीस हजार आणि वर थोडा घरभाडे भत्ता. शेजारच्या बाकावर तेच काम करणाऱ्या जेआरएफला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. तक्रार नाही, ती म्हणते, सर चांगले आहेत. पण प्रकल्प तीन वर्षांचा आणि पीएचडी पाच वर्षांची. येत्या मार्चमध्ये प्रकल्प संपतो. स्फटिक नेमके आता धरू लागलेत.

आम्ही घरी गेलो तेव्हा अम्मीने हळूच विषय काढला. मुलगी सत्तावीसची झाली. रिश्ते येतात, आणि पहिला प्रश्न असतो, “अजून किती वर्षं?” एमबीबीएसला साडेपाच वर्षं लागतात हे सगळ्यांना पाठ आहे, ती वर्षं कुणी मोजत नाही. पीएचडीची वर्षं मात्र वाया गेल्यासारखी मोजली जातात. नीटचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, जमातखान्यात सत्कार होतो, आणि ते व्हायलाच हवं. पण कुणाची प्रथिनाची रचना त्या जागतिक भांडारात जमा झाली म्हणून आपल्या मोहल्ल्यात फ्लेक्स लागलेला आम्ही तरी पाहिला नाही. आपल्या ट्रस्टांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज काढून पाहा : दहावी, बारावी, मेडिकल, इंजिनिअरिंग, अलीकडे यूपीएससी. पीएचडीचा रकानाच नसतो. एका ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हाला सरळ विचारलं, “पंचवीस वर्षांच्या मुलीला अजून शिकायला पैसे?” जकातीतून द्यायचं की सदक्यातून, कुणाला देता येतं, हे उलेमांना विचारून ठरवावं. पण दीड वर्षाची गरज म्हणजे एका लग्नाच्या मंडप-जेवणाच्या खर्चाएवढीसुद्धा नाही, एवढा हिशेब तर आपल्याला करता येतो.

राज्याकडून काय मिळू शकतं? महाराष्ट्रात संशोधकांसाठी अनुसूचित जातींकरता बार्टी, मराठा-कुणबी समाजाकरता सारथी आणि ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाकरता महाज्योती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला मंजुरी दिली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. मार्टीकडे मागण्यांची यादी घेऊन जाणारे आता पुष्कळ असतील. स्पर्धा परीक्षेचे वर्ग ही पहिली मागणी असेल, कारण ती सोपी आणि दिसणारी आहे. आम्हाला विचाराल तर पहिली मागणी पीएचडी फेलोशिपची करावी, आणि त्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी रक्कम दरमहा मिळेल अशी अट घालून घ्यावी. वर्षाच्या शेवटी एकरकमी मिळालेले पैसे घरभाड्याच्या कामाला येत नाहीत.

पण मार्टीची वाट न पाहता उघडं असलेलं एक दार आपली बरीच घरं विसरतात. महाज्योती सगळ्या ओबीसींची आहे, आणि बागवान, अत्तार, तांबोळी, मुलाणी, मोमीन, पिंजारी-नदाफ असे आपल्यातले कितीतरी समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ते आपोआप झालेलं नाही; नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी, दिलीपकुमार साहेबांना सोबत घेऊन, गावोगाव फिरून तो लढा दिला. ‘इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कशाला’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. धर्माच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण दाखला धर्माचा नाही, व्यवसायावरून मागे राहिलेल्या घराचा असतो.

खरी अडचण दाखल्याच्या कागदाची आहे. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडील, आजोबा किंवा त्यांच्या भावंडांचा पुरावा मागतात. आपल्याकडच्या जुन्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं ‘मुसलमान’ लिहून टाकलेलं असतं. पिंजारी असो, बागवान असो, सगळे एकाच शाईत. असं घर मग उत्पन्नाने ओबीसीत बसतं, कामाने बसतं, पण कागदावर बसत नाही. या कुटुंबाचंही तसंच झालं होतं. आजोबांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’, म्हणून एमएस्सीच्या वेळी अब्बांनी नाद सोडून दिला आणि मुलगी सगळीकडे खुल्या प्रवर्गातून अर्ज भरत राहिली. ओबीसी प्रवर्गात जेआरएफचा कटऑफ खाली असतो, हे घरात कुणाला माहीतही नव्हतं.

तुमच्या घरात कुणी जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी करत असेल, तर हे आताच पाहून ठेवा. आजोबांचा दाखला अडत असेल तर चुलत आजोबांचा, आत्याआजीचा, जन्म-मृत्यू नोंदीचा, जुन्या खरेदीखताचा शोध घ्या. एकाच कागदावर नशीब ठेवू नका. नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढा. सीएसआयआरची नेट वर्षातून दोनदा होते, तिच्यासोबत जैवतंत्रज्ञान विभागाच्या जेआरएफ परीक्षेवरही लक्ष ठेवावं. एकीत थोडक्यात हुकलेलं दुसरीत मिळालेले विद्यार्थी आम्हाला माहीत आहेत. महिलांना वयात सवलत आहे, त्यामुळे ‘आता वय गेलं’ असं कुणी सांगितलं तर आधी जाहिरात स्वतः वाचा. आणि प्रवेश घेण्यापूर्वी मार्गदर्शकांना न लाजता विचारा, की प्रकल्प किती वर्षांचा आहे आणि तो संपल्यावर काय. या मुलीने ते विचारलं नव्हतं. आम्हीही तेव्हा तिला तसं सांगितलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

या दिवाळीच्या सुट्टीनंतर अब्बांनी बेकरी चार दिवस धाकट्याच्या हवाली केली आणि आजोबांच्या मोठ्या भावाच्या शाळेत गेले. शाळा आता दुसऱ्या इमारतीत आहे, जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात, वाळवीने कोपरे खाल्लेली. शिपायाने दोन दिवस दाद दिली नाही, तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मॅडमनी स्वतः कपाट उघडून दिलं. १९५१ च्या पानावर मोठ्या आजोबांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात लिहिलेलं होतं : मु. पिंजारी.

त्या नोंदीचा साक्षांकित उतारा आता प्रांत कार्यालयात गेलाय. तिथून प्रमाणपत्र, मग पडताळणी समिती, आणि त्यानंतर फेलोशिपची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज. इंदूरची पुढची तारीख फेब्रुवारीतली मिळाली आहे.